बस्सी, गेट नंबर एक

मानसरोवर, जयपूर
६ फेब्रुवारी २०२२

चि. पृथ्वीराज,

आशीर्वाद घेणार असलास तर आहेत, नसलास तरी मी द्यायचे थांबवणार नाही. तीन आठवडे झाले, तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या मेसेजखाली एकच टिक येते, तिचा अर्थ आता मलाही कळतो. पण पोस्टमनला कुणी ब्लॉक करू शकत नाही, म्हणून हे पत्र. पलटणीत असताना तुझ्या आईला दर रविवारी लिहायचो, तेवढी सवय अजून हातात आहे. तुझं वाचणं जयपूरच्या हिंदी शाळेतलं. अडलंस तर पुण्यात कुणाकडूनही वाचून घे, फक्त बापाचं पत्र आहे असं सांगू नकोस, लाज जाईल.

त्या दिवशीचा विषय मी काढणार नाही. तूही काढू नकोस.

इकडची बातमी चांगली आहे. बाजार उठलाय. दोन वर्षं मॉल बंद, शाळा बंद, हॉटेलं बंद. बंद दारावर पहारा कोण ठेवतो? आपली एजन्सी एकशे चाळीस माणसांवरून एकसष्टवर आली, ते तू डोळ्यांनी पाहिलंस. आता मात्र रोज कुणाचा तरी फोन येतो, गार्ड आहेत का, फौजेतून रिटायर झालेले आहेत का. तीन महिन्यांसाठी मागतात, पुढचं पुढे बघू म्हणतात, पण मागतात. बस्सीचं काम तर तुला माहीतच आहे. आगरा रोडवरचं ते नवं गोदाम, बावीस माणसं, एक मार्चपासून. कर्नल साहेब तिथले अ‍ॅडमिनचे प्रमुख आहेत आणि त्यांनी शब्द दिलाय.

भरती मी एकट्यानं उरकली. सत्तर माणसं आली होती. तुझ्या त्या चार पानी फॉर्मला मी हात लावला नाही. माझी पद्धत तुला ठाऊक आहे. आधी बूट बघायचे, मग माणसाला उन्हात पंधरा मिनिटं उभं करायचं आणि आपण आत चहा प्यायचा. जो भिंतीला टेकला तो गेला. तुझ्या नव्या कंपनीत म्हणे तुम्ही माणूस कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघून नोकरीला घेता. बूट कसे दिसतात रे तुम्हाला?

बावीस निवडले. सगळे कुठं ना कुठं लागलेले. रिकामा माणूस मी घेत नाही, चांगला माणूस रिकामा सापडत नाही. पंधरा तारखेपर्यंत जुनी जागा सोडा म्हणून सगळ्यांना सांगितलंय. आपला कोंडिबासुद्धा येतोय. माझ्याच पलटणीतला, माझ्याच तालुक्यातला, आणि तरी इतकी वर्षं दुसऱ्याच एजन्सीकडून सिविल लाइंसमधल्या एका बँकेच्या दारात उभा होता. नऊ वर्षं एकच दार! त्याला बस्सीत हेड गार्ड करतोय, गेट नंबर एक. साइटवर दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार आहे. त्याला म्हटलं, आता बायकोला आणि पोरीला गावाहून घेऊन ये, किती वर्षं एकटा भाकऱ्या थापणार.

तुझ्या खोलीत थोडं सामान येणार आहे. तात्पुरतं आहे.

तुझा पापा


मानसरोवर
३ मार्च

चि. पृथ्वीराज,

उत्तर नाही. ठीक आहे. तुला ताप होता आणि आता उतरलाय हे तुझ्या आईकडून कळलं. मी विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं.

बस्सी एक तारखेला सुरू झालं नाही. घाबरण्यासारखं काही नाही. मी साहेबांना फोन केला. म्हणाले, "उत्तमराव, ऊपर से थोड़ा रुका है। पंद्रह तक समझो हो गया।" तिकडे कुठं युद्ध सुरू झालंय आणि कंपनीच्या गुडगावच्या हेड ऑफिसनं इथल्या गोदामाचं शटर धरून ठेवलंय. पेपरात एक दिवस येतं बाजार सावरला, दुसऱ्या दिवशी येतं जरा थांबा. मग धंदेवाला काय करतो? एका हातानं माणूस बोलावतो आणि दुसऱ्या हातानं त्याला दाराशी थांबवतो.

एकवीस माणसं आपापल्या घरी बसलीत. कोंडिबा बसत नाही. रोज सकाळी आठला इस्त्रीचा युनिफॉर्म घालून ऑफिसात येतो, बाकावर ताठ बसतो, पाच वाजता "सायेब, जाऊ का?" म्हणून विचारतो. मी म्हटलं, अरे, ऑर्डर आली की सांगेन की तुला. तर म्हणतो, "हितं बसलं की ड्यूटीवर असल्यागत वाटतंय, सायेब. बसू द्या." ऑर्डरचं मात्र त्यानं एकदाही विचारलं नाही.

तू म्हणशील, कागद का नाही मागितला. मागतो कसा? ऐक. मी नाईक होतो तेव्हाची गोष्ट. बर्फ गुडघ्याच्या वर. आमचे कर्नल तंबूतून बाहेर आले, वरच्या चौकीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "उत्तम, शाम तक वहाँ अपने आदमी चाहिए।" एवढंच. मी अकरा जण घेऊन निघालो. दोघांच्या पायांची बोटं गेली. संध्याकाळी आम्ही वर होतो. तेव्हा मी म्हणालो असतो की साहेब, जरा लिहून द्या? माझी जीभ झडली असती. तीस वर्षं मी असाच चाललो आणि एकदाही फसलो नाही. हे कर्नल साहेब आमच्या पलटणीचे नाहीत हे खरं, पण कर्नल तो कर्नल. माझ्यासारखा सुभेदार त्यांच्यासमोर उभा राहतो. कागद मागत नाही.

आणि तू मागितलास. माझ्या ऑफिसात, खुर्चीत पाय पसरून, त्यांच्या तोंडावर, "सर, वर्क ऑर्डर की कॉपी मिल जाएगी?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कानांतून वाफा निघाल्या. मी तुला म्हटलं, बाहेर जा. तू उठला नाहीस, तर म्हटलं, माझ्या धंद्यातून बाहेर जा. मग उठलास.

बघ, विषय काढणार नाही म्हटलं होतं आणि मीच काढला. म्हातारा झालोय.

पापा


मानसरोवर
२ एप्रिल, पाडवा

चि. पृथ्वीराज,

गच्चीवर गुढी उभारली. शेजारच्या अगरवालजींनी दरवर्षीप्रमाणे विचारलं, "भाईसाब, ये लोटा उल्टा क्यों रखते हो?" आणि दरवर्षीप्रमाणे मला नीट सांगता आलं नाही. कडुलिंबाचा डहाळा कोंडिबाच्या बायकोनं तोडून आणला. पुरणपोळीही तिनंच केली, तुझ्या आईनं फक्त ताटं मांडली.

आता तू विचारशील, ती इथं कशी. सांगतो. तुझ्या खोलीतलं सामान म्हणजे ते आहेत. कोंडिबा, त्याची बायको आणि त्यांची हर्षाली. फेब्रुवारीच्या अठरा तारखेला दोन ट्रंका आणि एक शिलाई मशीन घेऊन गाडीतून उतरले. क्वार्टर तयार नव्हतं, म्हणून दहा दिवसांसाठी तुझी खोली दिली. त्याला आता सहा आठवडे झाले. तुझ्या आईला तुला सांगू नकोस म्हटलं होतं. ती ऐकत नाही माझं, पण एवढं ऐकलं.

हर्षाली अकरावीत होती. गावच्या कॉलेजातून नाव काढून आणलं. इथल्या शाळा म्हणतात, वर्षाच्या शेवटी कशी घेणार, जुलैत या, आणि हिंदीतून शिकायला जमेल का तेही बघा. पोरगी तुझ्या टेबलाशी बसून तुझी जुनी पुस्तकं उलटत असते. काल मला म्हणाली, "काका, आम्ही बस्सीला गेलो की तिथून शाळेला बस आहे का?" मी म्हटलं, आहे. मला खरंच माहीत नाही.

साहेब म्हणतात, "अगले हफ्ते।"

पापा


मानसरोवर
१५ मे

चि. पृथ्वीराज,

बाहेर शेहेचाळीस डिग्री आहे. कूलरचं पाणी गरम येतंय. तुझी आई माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी तुझ्या आईला सांगितलेली नाही, म्हणून तुलाच लिहितो. लांबच्या माणसाला लिहिणं सोपं जातं.

मार्चमध्ये पोरं कुरकुरायला लागली तेव्हा मी ऑफिसच्या भिंतीवर ड्यूटीचा तक्ता लावला. बस्सी, गेट नंबर एक, कोंडिबा. गेट नंबर दोन, अमुक. लोडिंग, तमुक. दिवसपाळी, रात्रपाळी, बावीसच्या बावीस नावं, वर तारीख, खाली माझी सही आणि एजन्सीचा शिक्का. नुसता तक्ता. पलटणीत आम्ही असंच करायचो. हुकूम यायचा बाकी असला तरी नावं लावून ठेवायची, म्हणजे माणूस ढिला पडत नाही. दर सोमवारी मी तो नव्यानं टाइप करतो आणि तारीख पुढं ढकलतो. पोरं येतात, आपलं नाव वाचतात, शांत होऊन घरी जातात. कुणाकुणानं मोबाइलवर फोटो काढून बायकोला पाठवलाय.

एवढंच असतं तर मी लिहिलं नसतं.

एप्रिलच्या शेवटी कोंडिबाच्या जुन्या एजन्सीचा फोन आला. बँकेच्या दारावर ठेवलेला नवा माणूस टिकला नव्हता. म्हणाले, कोंडिबा, तुझी जागा रिकामी आहे, उद्या ये. तो फोन हातात धरूनच माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "काय करू, सायेब? तुमी म्हनाल तसं."

त्याच दिवशी सकाळी कर्नल साहेब मला म्हणाले होते, अगले हफ्ते. मी आठव्यांदा ऐकत होतो. मला तेव्हा कळायला नको होतं का? कळलं होतं. पण कोंडिबाला जा म्हणायचं म्हणजे बाकी एकवीस जणांना सांगायचं की बस्सी नाही. म्हणजे साहेबांचा शब्द खोटा. म्हणजे तू त्या दिवशी बरोबर होतास.

मी म्हटलं, "थांब कोंडिबा. माझा शब्द आहे."

तो म्हणाला, "मग झालं." तिथंच उभ्या उभ्या त्यानं फोनवर नाही म्हणून सांगितलं आणि बाकावर जाऊन बसला.

ते दार आता दुसऱ्याला गेलंय. मी चौकशी केली.

पापा


मानसरोवर
१९ जून

चि. पृथ्वीराज,

काल कर्नल साहेब ऑफिसात आले.

दुपारचे तीन वाजले असतील. गाडी नव्हती, रिक्षातून उतरले. कोंडिबा बाकावरून उठला आणि त्यानं असा सॅल्यूट ठोकला की आतल्या काचा वाजल्या. त्याला वाटलं, ऑर्डर घेऊन साहेब स्वतः आले. मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू. साहेबांच्या काखेत निळी फाइल होती. मी खुर्ची पुसली, चहा सांगितला आणि उभा राहिलो.

"बैठिए, उत्तमराव।" मी बसलो नाही.

त्यांनी फाइल माझ्या टेबलावर ठेवली. आत दोन पानं होती. त्यांचं नाव, त्यांचं शिक्षण, त्यांच्या पोस्टिंगा, मेडल, खाली वैशालीनगरच्या घराचा पत्ता. बायोडाटा होता तो, पृथ्वीराज. तू शेकड्यानं वाचतोस तसला. मला आधी कळेचना की हा माझ्या हातात का दिलाय.

मग त्यांनी सांगितलं. बस्सीचं गोदाम कंपनीनं कधीच गुंडाळलं. साहेब स्वतः तिथं वर्षभराच्या करारावर होते, तो मार्चअखेर संपला, पुढं वाढवला नाही. मी विचारलं, "साब, फिर अप्रैल में, मई में?" म्हणजे मला दर आठवड्याला अगले हफ्ते म्हणत होते ते कुठून? ते खाली बघून म्हणाले, "मुझे भी यही कहा जा रहा था। मैं घर पर बैठा फ़ोन का इंतज़ार करता था। फिर आपका फ़ोन आ जाता था।"

दोन महिने आम्ही दोघं एकमेकांना असा धीर देत होतो. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांच्या शर्टाची कॉलर उलटून शिवलेली होती, तिच्याकडेच माझं लक्ष जात राहिलं.

मग म्हणाले, "आपके यहाँ कुछ हो तो देखिए। ट्रेनिंग, ऑपरेशन्स, कुछ भी सँभाल लूँगा।"

माझ्याकडे काय आहे? एकसष्टाचे चौपन्न झालेत, त्यातल्या दहांचं काम या महिन्यात संपतंय. हे सगळं जिभेवर होतं. आणि तोंडातून काय निघालं सांगू? "हो जाएगा, साब। समझिए हो गया।"

कर्नलला नाही म्हणता आलं नाही मला. साहेब माझ्याकडे बघत राहिले आणि जरासे हसले. त्यांचेच शब्द होते, त्यांना ओळखू आले. चहा तसाच ठेवून उठले. दारापाशी थांबले आणि तुझ्याबद्दल बोलले. जसं बोलले तसं लिहितो. "आपका लड़का उस दिन ठीक पूछ रहा था। मेरे हाथ में कुछ नहीं था। वो एक बार और पूछ लेता तो मुझे कहना ही पड़ता। आपने उसे चुप करा दिया, मैं बच गया।"

मी तिथंच बसलो. पहिल्यांदाच, त्यांच्यासमोर. ते निघून गेले.

तासभर उलटला. बाहेर बुटांचे आवाज यायला लागले. कोंडिबानं सगळ्यांना फोन केले होते, साहेब स्वतः येऊन गेले, ऑर्डर आली, या. बावीसपैकी एकोणीस आले. तिघांनी मधल्या काळात गुपचूप दुसरीकडे काम धरलं असणार, देव त्यांचं भलं करो. माझं न ऐकणारे तेवढेच शहाणे निघाले. बाकीचे युनिफॉर्म घालून आले होते. एकानं लाडवांचा पुडा आणला होता. ऑफिससमोरच्या गल्लीत, त्या उन्हात, कुणी न सांगता ते रांगेत फॉल-इन झाले. कोंडिबा पुढं, उजव्या टोकाला. भिंतीला एकही जण टेकला नव्हता. माझीच निवड ना.

मी पायरीवर उभा राहिलो आणि सांगितलं. बस्सी नाही. कधी नव्हतंच. तक्ता मी मनानं लावत होतो. जुन्या जागा मी सोडायला लावल्या, चूक माझी. हिंदीत सांगितलं, मग मराठीत सांगितलं, जसं काही भाषेनं फरक पडणार होता.

कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. एकेक जण निघून गेला. लाडवांचा पुडा पायरीवर राहिला.

कोंडिबा जागचा हलला नाही. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं मला ऑर्डरबद्दल विचारलं. "सायेब, पर कागूद हुता न्हवं तुमच्याजवळ?"

"नव्हता."

"न्हवता?" तो म्हणाला. रागानं नाही. त्याला ते खरंच कळत नव्हतं. "मला वाटलं, तुमच्याजवळ आसंल. म्हून म्या न्हाई इचारलं."

मी कर्नलला विचारलं नाही, त्यानं मला विचारलं नाही. आणि ज्यानं विचारलं त्याला मी धंद्यातून बाहेर काढलं.

आज सकाळी तुझ्या आईनं आणि त्याच्या बायकोनं मिळून ट्रंका बांधल्या. दोघी रडल्या, मला आत येऊ दिलं नाही. हर्षालीनं तुझी पुस्तकं जशी होती तशी परत लावून ठेवली. तिचं वर्ष गेलं, आणि गावच्या कॉलेजात आता जागा मिळेल की नाही देव जाणे. निघायच्या आधी कोंडिबा ऑफिसात आला आणि भिंतीवरचा तक्ता काढू का म्हणाला. मला वाटलं फाडणार. त्यानं टाचण्या काढून वाटीत ठेवल्या, तक्त्याची नीट घडी घातली आणि आपल्या पेन्शनच्या कागदांत ठेवली. म्हणाला, "गावात लोक इचारतील, येवढं दिस काय करत हुता. दावाय तरी हुईल."

बस्सी, गेट नंबर एक, कोंडिबा. खाली माझी सही.

हे पत्र पोस्टानं येणार नाही, त्याच्याच हाती देतोय. उद्या दुपारी त्यांची गाडी पुण्याला लागेल. पुढं साताऱ्याची बस धरतील. मधे दोन-तीन तास आहेत. तुझी आई तुला हे आधीच फोनवर सांगेल, तू स्टेशनवर ये. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी ये. त्यानं तुला खांद्यावर बसवून खातीपुऱ्याच्या छावणीतल्या कॅन्टीनात नेलेलं आहे, तुला आठवत नसेल. पाकीट मी मुद्दाम चिकटवलेलं नाही. त्याला वाटलं तर त्यानं वाचावं.

माझ्याकडे परत ये असं मी म्हणणार नाही. यायला आता धंदा तरी कुठं उरलाय. एकच मागतो. तू माणसं नोकरीला लावतोस. त्याच्यासाठी कुठं काही असलं तर बघ. पण हो जाएगा म्हणू नकोस. कोंडिबाकाकांना बरं वाटावं म्हणून गोडही बोलू नकोस, तो ताठ बसून वाट बघत राहील, मी पाहिलंय. जमणार असलं तर त्याला लिहून दे. आणि जमणार नसलं, तर पृथ्वीराज, तेही लिहून दे.

तुझा पापा